फ्लॉपी कार्डाची पुनर्घडण : हौशी संगणकांच्या साठवणीचा इतिहास

वैयक्तिक संगणकाचा इतिहास बहुधा प्रोसेसरच्या अंगाने लिहिला जातो. कोणती चिप कधी आली, तिने आधीच्या चिपेला कसे मागे टाकले, कोणत्या कंपनीने तिच्याभोवती यंत्र उभे केले, या क्रमाने कथन पुढे सरकते. आणि प्रोसेसर व साठवणीचे माध्यम यांच्या मध्ये बसणाऱ्या फलकाचा, म्हणजे ज्याला इंटरफेस कार्ड किंवा कंट्रोलर म्हणतात त्याचा, उल्लेख आलाच तर एखाद्या वाक्यात उरकला जातो. १९७५ ते १९८० या काळातील हौशी संगणकांच्या बाबतीत हे अन्यायाचे आहे. वीज गेली की स्मृती कोरी होणाऱ्या त्या यंत्रांपैकी कोणते रोजच्या कामाचे साधन होणार आणि कोणते नवलाची वस्तू राहणार, हे पुष्कळ अंशी याच कार्डाने ठरवले. अलीकडे अनेक देशांतील जाणकार हौशी मंडळी अशी कार्डे मूळ आराखड्यांवरून नव्याने बनवून, त्यांवर जुन्याच जातीच्या चिपा बसवून, ती जुन्या यंत्रांत चालवून पाहत आहेत, आणि या खटाटोपातून मूळ अभियंत्यांच्या निर्णयांची अशी कारणे हाती येत आहेत की जी त्या काळच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेली नाहीत.

न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की येथील एमआयटीएस या कंपनीचा ऑल्टेअर ८८०० हा संगणक ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर झळकला, तेव्हा सुट्या भागांच्या संचाला सुमारे ४०० डॉलर पडत आणि त्यात २५६ बाइट स्मृती मिळे. दर्शनी पट्टीवरचे खटके वर-खाली करून प्रोग्राम एकेक बाइट करत भरायचा, हा त्याचा मूळ शिरस्ता. ज्यांना परवडे ते टेलिटाइप यंत्र जोडून छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून प्रोग्राम चढवत. पण टेलिटाइपचा वेग सेकंदाला १० अक्षरे एवढाच असल्याने ४ किलोबाइटची बेसिक भाषा चढायला जवळजवळ ७ मिनिटे लागत, आणि वाटेत एखादे छिद्र चुकीचे वाचले गेले की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे.

घरोघरी असलेला कॅसेट रेकॉर्डर हा यावरचा स्वस्त उपाय होता. ‘बाइट’ मासिकाने नोव्हेंबर १९७५ मध्ये मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे उत्पादकांची बैठक घेतली आणि तीतून ‘कॅन्सस सिटी मानक’ ठरले : शून्यासाठी १२०० हर्ट्झचे ४ तरंग, एकासाठी २४०० हर्ट्झचे ८ तरंग, आणि वेग सेकंदाला ३०० बिट. डॉन टारबेल यांच्या कॅसेट कार्डाने १९७६ मध्ये हा वेग सेकंदाला सुमारे १८७ बाइटपर्यंत नेला. तरीही कॅसेटची मूळ अडचण उरलीच, कारण फितीवर मधलीच नोंद हवी असेल तर तिथवर फीत फिरवत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

टारबेल यांचे कार्ड एमआयटीएसचे नसूनही ऑल्टेअरमध्ये बसे, याचे कारण ऑल्टेअरच्या रचनेत होते. त्याच्या मागील फलकावर, म्हणजे सर्व कार्डे ज्यात उभी खोचली जातात त्या पाठफलकावर, प्रत्येक कार्डासाठी १०० टोकांची खाच होती, एका बाजूला ५० आणि दुसऱ्या बाजूला ५०. आणि इतर कंपन्यांनी तीच मांडणी उचलल्यामुळे ‘एस-१००’ नावाची एक सामायिक वाहिनी, म्हणजे बस, रूढ झाली. तिला आयईईई ६९६ म्हणून अधिकृत मानकाचे रूप मिळाले ते १९८३ साली. तोपर्यंत प्रत्येक उत्पादकाने काही टोकांचा अर्थ आपापल्या सोयीने लावलेला होता, आणि आज एखादे कार्ड पुन्हा घडवणाऱ्याला ते नेमके कोणत्या यंत्रासाठी, कोणत्या वर्षीच्या समजुतीने आखले होते हे आधी ठरवावे लागते.

फ्लॉपी तबकडी आयबीएमने १९७१ मध्ये बाजारात आणली ती मोठ्या यंत्रांत सूक्ष्म-आज्ञा भरण्यासाठी. १९७३ च्या आयबीएम ३७४० या नोंदयंत्राने ८ इंची तबकडीची जी मांडणी रूढ केली, तीत ७७ वर्तुळाकार मार्ग म्हणजे ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकचे २६ तुकडे म्हणजे सेक्टर, आणि प्रत्येक सेक्टरमध्ये १२८ बाइट असत. म्हणजे एका बाजूला सुमारे अडीच लाख बाइट. पण ड्राइव्ह हातात आला म्हणजे साठवण हाती आली असे नव्हे. ड्राइव्हमधून बाहेर पडतात त्या केवळ चुंबकीय बदलांच्या क्षणी उमटणाऱ्या ठिणगीवजा स्पंदांच्या रांगा, आणि त्यांतून बाइट वेचून काढण्याचे काम कंट्रोलरचे. सीपी/एम या कार्यप्रणालीचे जनक गॅरी किल्डॉल यांना शुगार्ट कंपनीचा ड्राइव्ह मिळाला होता आणि प्रणालीही लिहून तयार होती, परंतु कंट्रोलर त्यांना जमेना. वॉशिंग्टन विद्यापीठातील त्यांचे मित्र जॉन टोरोड यांनी तो बनवून दिल्यानंतरच १९७४ च्या हिवाळ्याआधी पॅसिफिक ग्रोव्ह येथे सीपी/एम प्रथम चालू झाली. पुढे लक्षावधी यंत्रांवर गेलेली ही प्रणाली एका कार्डाविना अडून राहिली होती, ही गोष्ट प्रोसेसरकेंद्री इतिहासलेखनाने मनावर घ्यावी अशी आहे.

एमआयटीएसने स्वतःचा ८ इंची ड्राइव्ह काढला तो ८८-डीसीडीडी या नावाने, आणि त्याचा कंट्रोलर एका कार्डात मावला नाही; त्याला दोन एस-१०० कार्डे लागली. त्याची तबकडी ‘हार्ड सेक्टर’ पद्धतीची होती, म्हणजे प्रत्येक सेक्टरची सुरुवात दाखवणारी ३२ छिद्रे तबकडीतच पाडलेली असत, उलट आयबीएमच्या ‘सॉफ्ट सेक्टर’ पद्धतीत छिद्र एकच आणि सेक्टरांच्या खुणा चुंबकीय नोंदींतून लिहिलेल्या असत. तबकडीवरून दर ३२ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येई. ऑल्टेअरचे घड्याळ २ मेगाहर्ट्झचे, म्हणजे तेवढ्या वेळात प्रोसेसरला ६४ चक्रे मिळत, आणि बाइट तयार आहे का हे तपासणे, तो उचलणे, स्मृतीत ठेवणे, पत्ता पुढे सरकवणे व मोजणी कमी करणे हे सारे त्याला त्या ६४ चक्रांत उरकावे लागे. स्मृतीचे कार्ड संथ असेल आणि प्रत्येक वेळी प्रोसेसरला एखादे चक्र थांबायला लावत असेल, तर हा हिशेब बिघडे. नव्या, वेगवान स्मृतीवर ही जुनी कार्डे चालवून पाहणाऱ्याला ही तंगी जाणवत नाही, आणि मूळ वाचन-प्रोग्राम इतका काटकसरीने का लिहिला आहे याचा उलगडाही होत नाही.

बर्कलीच्या नॉर्थ स्टार या कंपनीने १९७७ मध्ये सव्वापाच इंची ड्राइव्हसाठी एकाच कार्डाचा कंट्रोलर दिला. त्याची तबकडी १० छिद्रांची होती, ३५ ट्रॅक, सेक्टरला २५६ बाइट, म्हणजे एकंदर ८९,६०० बाइट. दुसरी वाट वेस्टर्न डिजिटलने १९७६ साली दाखवली. एफडी१७७१ या ४० पिनांच्या एकाच चिपेत तिने कंट्रोलरचे बहुतेक काम कोंबले, आणि त्यामुळे सॉफ्ट सेक्टरची कार्डे छोट्या कंपन्यांच्याही आवाक्यात आली. या चिपेला मात्र एक दुखणे होते. तिच्या काळच्या नोंदणीपद्धतीत, जिला एफएम म्हणतात, प्रत्येक बिटासाठी आधी एक घड्याळ-स्पंद असतो आणि बिट एक असेल तर त्यामागे दुसरा, डेटा-स्पंद येतो. वाचताना या दोहोंची वेगळवाटणी करणाऱ्या भागाला डेटा सेपरेटर म्हणतात. १७७१ मध्ये तो आतच होता, पण तो पुरेसा भरवशाचा नव्हता, आणि स्वतः उत्पादकानेच बाहेरचा सेपरेटर वापरण्याची शिफारस केली होती. तबकडीच्या आतल्या ट्रॅकांचा परीघ लहान, त्यामुळे तिथे चुंबकीय बदल दाटीने बसतात, शेजारचे स्पंद एकमेकांना दूर ढकलतात, आणि अपेक्षित क्षणापासून थोडा सरकलेला स्पंद कोणाच्या वाट्याचा हे चिपेला कळेनासे होते. टीआरएस-८० मॉडेल वन या संगणकाच्या विस्तारपेटीत आतलाच सेपरेटर वापरलेला असल्याने वाचनातील चुकांनी लोक हैराण झाले, आणि टेक्सासमधील पर्कॉम या कंपनीने सेपरेटरचा छोटा जोडफलक विकून त्या त्रासावर तोड काढली.

या सर्वांहून वेगळ्या वाटेने गेले ते ॲपलचे स्टीव्ह वॉझनियॅक. १९७७ च्या अखेरच्या आठवड्यांत, जानेवारी १९७८ च्या लास व्हेगासमधील प्रदर्शनात दाखवता यावा म्हणून, त्यांनी ॲपल टू साठी डिस्क टू या ड्राइव्हचे कार्ड आखले आणि ते अवघ्या ८ चिपांत बसवले. या कार्डाचा विचार थोडा सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण पुनर्घडणीच्या कामात सर्वांत जास्त शिकवणारे कार्ड हेच आहे.

त्याच्या मध्यभागी २५६ बाइटांची एक कायमस्वरूपी स्मृतिचिप आहे, जिला पी६ म्हणतात. तिच्या आठ पत्तारेषांपैकी चार रेषांवर कार्डाची आत्ताची अवस्था येते, दोन रेषा वाचन की लेखन हे सांगतात, एक रेषा तबकडीवरून येणारा स्पंद आणते, आणि एक रेषा सरकनोंदवहीचे, म्हणजे बिट एकेक करून जमवणाऱ्या शिफ्ट रजिस्टरचे, सर्वांत वरचे बिट दाखवते. या आठ गोष्टींच्या जुळणीतून जो बाइट बाहेर पडतो त्याची चार बिटे पुढची अवस्था ठरवतात आणि उरलेली चार शिफ्ट रजिस्टरला काय करायचे ते सांगतात. सुमारे २ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर हे चक्र फिरते, आठ पावलांत एक बिट पुरा होतो, म्हणजे बिटागणिक सुमारे ४ मायक्रोसेकंद. एरवी ज्याला डझनावारी चिपा लागल्या असत्या ते काम एका कोष्टकात उतरले, आणि उरलेला भार प्रोग्रामवर टाकला गेला : लिहिताना प्रोसेसरने बरोबर ३२ चक्रांनी पुढचा बाइट द्यायचा, ना एक चक्र आधी ना एक नंतर.

या पद्धतीला घड्याळ-स्पंद लागत नाही, पण त्याची किंमत अशी की शून्यांची लांब रांग लागली तर वाचणाऱ्याचा ताल चुकतो. म्हणून मूळ बाइट तसेच न लिहिता त्यांचे तुकडे करून, शून्यांची रांग होणार नाही अशा निवडक आकृतिबंधांत ते लिहिले जात. पहिल्या आवृत्तीत पाच-पाच बिटांचे तुकडे आणि ३२ आकृतिबंध होते, आणि ट्रॅकवर १३ सेक्टर मावत. १९८० च्या डॉस ३.३ या ॲपलच्या डिस्क-प्रणालीत सलग दोन शून्यांना मर्यादित परवानगी देऊन आकृतिबंध ६४ झाले, सहा-सहा बिटांचे तुकडे करता आले, आणि १६ सेक्टरांमुळे तबकडीची क्षमता ११३.७५ किलोबाइटवरून १४० किलोबाइट झाली. त्यासाठी ड्राइव्हला हात लावावा लागला नाही. कार्डावरच्या दोन स्मृतिचिपा बदलल्या की काम भागे. ड्राइव्हमध्ये शून्याव्या ट्रॅकची जाणीव देणारा स्वतंत्र संवेदकही नव्हता, आणि म्हणून यंत्र सुरू होताना हेड बाहेरच्या अडसरावर पुन्हा पुन्हा आपटून घेतले जाई. जुन्या वापरकर्त्यांच्या कानात बसलेली ती खडखड म्हणजे वाचवलेल्या संवेदकाचा मोबदला होय.

आता पुनर्घडणीकडे वळता येईल. तिचा आरंभ बहुधा मूळ कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या स्कॅनपासून आणि माहितीपुस्तिकेतील मंडल-आकृतीपासून होतो. आणि या दोहोंत मेळ नसतो हा नित्याचा अनुभव आहे. मूळ आराखडे पारदर्शक पटलावर काळ्या चिकटपट्ट्या लावून हाताने बनवलेले असत, छापून आल्यावर सापडलेल्या चुका ताम्ररेषा कापून आणि वरून तार टाकून दुरुस्त केल्या जात, व आकृती कधी दुरुस्तीच्या आधीची तर कधी नंतरची असे. केआयकॅडसारख्या मुक्त प्रणालीत नवा आराखडा उतरवताना अशी प्रत्येक कापलेली रेषा आणि टाकलेली तार नोंदवून ठेवणे ही या कामातील पहिली शिस्त मानली पाहिजे, कारण ती तार म्हणजे मूळ अभियंत्याचा दुसरा विचार असतो. एस-१०० कार्डाची खोचायची कडा तिरपी घासून तिच्यावर कठीण सोन्याचा मुलामा घ्यावा लागतो. स्वस्तात कथिलाचा मुलामा घेतला तर वारंवार काढण्या-घालण्यात तो झिजतो आणि मग दोष चिपांत शोधत बसावे लागते.

चिपांची निवड हा सर्वांत जोखमीचा भाग. ड्राइव्हकडे जाणाऱ्या रेषांच्या टोकाला १५० ओहमचे रोध असतात आणि रेषा खाली ओढायला सुमारे ३३ मिलिॲम्पिअर प्रवाह पेलावा लागतो. जुन्या ७४०६ किंवा ७४३८ या चिपा तो पेलतात, पण त्यांच्या जागी सहज मिळणारी नवी, कमी वीज खाणारी चिप बसवली तर टेबलावर सर्व काही ठीक दिसते आणि ड्राइव्ह जोडताच कार्ड मुके होते. १७७१ ची डेटा-रेषा उलट्या अर्थाची आहे, शून्याला एक आणि एकाला शून्य, हे विसरून साधे बफर लावले की चिपेला दिलेली प्रत्येक आज्ञा भलतीच ठरते. डिस्क टू च्या कार्डावरील पी६ ही एकदाच लिहिता येणारी, आत तारा जाळून नोंद करायची जुनी चिप होती आणि तिचे उत्पादन थांबलेले आहे. तिच्याऐवजी पुसून लिहिता येणारी इप्रॉम चालते, मात्र एका पावलाला जेमतेम ४९० नॅनोसेकंद मिळत असताना ४५० नॅनोसेकंद घेणारी त्या काळची साधी इप्रॉम बसवली तर उत्तर वेळेवर पोहोचण्याची खात्री उरत नाही. मूळ चिप याच्या अंशानेच वेळ घेई.

तपासणी ही या विद्येची खरी कसोटी होय, आणि तिचा क्रम सहसा मोडू नये. प्रथम एकही चिप न बसवता कार्डाला वीज द्यायची. एस-१०० यंत्रात ८ व्होल्टची अनियंत्रित वीज येते आणि प्रत्येक कार्डावरचा रेग्युलेटर तिचे ५ व्होल्ट करतो, तेव्हा प्रत्येक सॉकेटच्या योग्य पिनेवर ५ व्होल्ट आहेत, आणि १७७१ असेल तर तिला लागणारे अधिक १२ व उणे ५ व्होल्टही आहेत, याची खातरी करून घ्यायची. जुने टँटलम कॅपॅसिटर वापरले असतील तर ते याच वेळी आतून शॉर्ट होऊन भडकतात, आणि चिपा बसवण्याआधीच हे झालेले बरे. त्यानंतर सोल्डरचे डाग भिंगाखाली पाहायचे, मग चिपा बसवून ड्राइव्हविना प्रोसेसरकडून कार्डाचे पत्ते वाचून पाहायचे, आणि सर्वांत शेवटी ड्राइव्ह. डिस्क टू ची वीस तारांची पट्टी एक पिन सरकवून खोचली गेली तर ड्राइव्हमधील ७४एलएस१२५ ही चिप जळते, त्यामुळे पट्टी बसवताना दिवा जवळ घेऊन पिना मोजणे हे काही जास्तीचे सोपस्कार नव्हेत.

कार्ड तपासताना ड्राइव्ह बरोबर आहे हे गृहीत धरणे ही फसगत होय. सव्वापाच इंची तबकडी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद आणि ४ मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने ट्रॅकवर सुमारे ५०,००० बिट; ड्राइव्ह तीन टक्के जलद फिरला तर १,५०० बिटांची जागा कमी पडते आणि सेक्टरांमधील मोकळ्या पट्ट्या आक्रसतात. वेग पाहण्यासाठी अनेक ड्राइव्हांच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन कडी छापलेली असतात, एक ६० हर्ट्झच्या विजेसाठी, दुसरे ५० हर्ट्झसाठी. भारतात दुसरे पाहायचे असते, आणि तेही जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब किंवा बहुतेक एलईडी दिवे विजेच्या तालावर लुकलुकत नसल्याने त्यांच्या उजेडात रेघा कधीच स्थिर दिसत नाहीत. हेडची जागा जुळवायला खास नोंदी असलेली संरेखन-तबकडी लागते, जिच्यावरून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दोन फुगीर पाकळ्या उमटतात व त्या सारख्या उंचीच्या झाल्या की हेड ट्रॅकच्या मध्यावर आले असे समजतात. स्वतः लिहून स्वतः वाचणे ही चाचणी पुरेशी नाही, कारण वाकडे हेड आपलेच वाकडे लेखन बिनचूक वाचते. दुसऱ्या यंत्रावर, शक्यतो त्या काळातच लिहिलेली तबकडी वाचता आली पाहिजे, आणि आतल्या ट्रॅकांवर, जिथे स्पंदांची दाटी जास्त, तिथे विशेष.

येथे एक वाद आहे. तबकडीऐवजी मेमरी कार्डावरून डेटा पुरवणारी अनुकरण-उपकरणे आता सर्रास मिळतात, आणि त्यांना जोडून कार्ड चालले की पुनर्घडण सिद्ध झाली असे पुष्कळजण मानतात. हे मान्य करता येत नाही. अशा उपकरणाचे स्पंद काटेकोर अंतराने येतात, त्यांत परिघाची दाटी नाही, वेगाचा चढउतार नाही, धूळ नाही. १७७१ चा आतला सेपरेटर त्यावर निर्धोक चालेल आणि पर्कॉमचा जोडफलक लोकांनी पैसे मोजून का घेतला याचा पत्ताच लागणार नाही. याउलट, नव्या कार्डात सुधारित सेपरेटर गुपचूप घालून त्याला मूळ कार्डाचे नाव देणेही तितकेच चुकीचे आहे. सुधारणा जरूर करावी, पण ती कार्डाच्या छापील अक्षरांतच नोंदवावी, आणि नवे वर्ष घालावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला १९७८ चे काय आणि आजचे काय हे कळेल. कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने ॲपल टू च्या डॉसचा मूळ प्रोग्राम २०१३ मध्ये आणि सीपी/एमचा २०१४ मध्ये खुला केल्यापासून कार्ड आणि प्रोग्राम एकमेकांसमोर ठेवून वाचणे शक्य झाले आहे, आणि ३२ चक्रांचा तो हिशेब आता ओळीओळीने ताडून पाहता येतो.

सर्वांत अवघड प्रश्न राहिला आहे तो हार्ड सेक्टर यंत्रांचा. १० किंवा ३२ छिद्रांच्या तबकड्या आता बनत नाहीत, उरलेल्यांचा चुंबकीय लेप सुटत चालला आहे, आणि एका छिद्राच्या तबकड्या त्या मानाने अजून मिळतात. म्हणून काही जणांनी असे छोटे मंडल बनवले आहे की जे एकाच छिद्राचा स्पंद पकडून मधले सेक्टर-स्पंद स्वतः तयार करते. नॉर्थ स्टारसाठी दर २० मिलिसेकंदांनी एक, ऑल्टेअरच्या मिनिटाला ३६० फेऱ्यांच्या ८ इंची तबकडीसाठी सुमारे दर ५.२ मिलिसेकंदांनी एक. ठरीव घड्याळावर चालणारे मंडल ड्राइव्हच्या वेगातील बारीक फरकाने शेवटच्या सेक्टरांत मागे किंवा पुढे पडते, त्यामुळे चांगल्या रचनांत आधीच्या फेऱ्याला लागलेला वेळ मोजून त्याचे भाग पाडले जातात आणि प्रत्येक फेऱ्यागणिक तो हिशेब नव्याने केला जातो.